ज्युलियाची डोणी

आमच्या ब्रॅमचेस्टरात कुणी बटाटे काढायला कुदळ मारली तरी खालून रोमन निघतो. कधी खापरी, कधी नाणं, कधी रंगीत फरशीचा तुकडा. घरोघरी स्वयंपाकघराच्या खिडकीत, भांड्यांच्या साबणाशेजारी, असं काहीतरी मांडून ठेवलेलं असतंच. त्यामुळे गावाला एक खोड जडली आहे. खोलगट दगड दिसला की तो रोमनच असणार, असं लहान पोरसुद्धा छातीठोकपणे सांगतं. अंडीवाल्या गॉर्डन टोव्हीच्या आजीनं एकदा मोठ्या थाटात संग्रहालयाला रोमन कौल नेऊन दिलं होतं. ते तिच्याच धुराड्याचं निघालं. म्हातारी पुढं मरेपर्यंत संग्रहालयाच्या दारावरून गेली नाही, समोरच्या फुटपाथनं जायची.

अशा गावात सिरिल पेगलरनं एक थाप मारली आणि ती अठ्ठेचाळीस वर्षं पचली, यात नवल ते काय.

सिरिल वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकावं. चाळीस वर्षं त्यानं शुक्रवारच्या बाजारात चीज विकलं. त्याच्या पालावर वजनाला कधी बोट लागलं नाही, आणि म्हातारं गिऱ्हाईक आलं की वरून एक कपटा जास्तच. पण तोंड मात्र असं चालायचं की अर्धा शेर चीज घ्यायला गेलेली बाई पाऊण तासानं घरी यायची. पाल सोडलं तेव्हा गावानं सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तो शनिवारी पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या मंडळींत दाखल झाला आणि बडबडीला हक्काची माणसं मिळाली. पाहुण्यांना गाव दाखवण्याचा नाद त्याला तरुणपणापासूनच होता, आता छातीवर बिल्ला लागला इतकंच.

दर शनिवारी अकराला बाजारातल्या दगडी क्रूसापाशी तो उभा राही. डोक्याला सपाट टोपी, अंगात तपकिरी कोट, हातात काळी छत्री. पाऊस असो नसो, छत्री दाखवायला लागे. तो डावखुरा. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारमारून हात बदलायला बघितला, शेवटी मास्तरच थकले. त्यामुळे त्याच्या डाव्या बाजूला उभं राहणाऱ्यानं जीव सांभाळून राहावं असा मंडळींत शिरस्ता होता. मोटारतळामागची रोमन भिंत, मेंढ्या चरतात तो जुन्या रोमन नाट्यगृहाचा उंचवटा, सरळसोट रोमन रस्त्याचं तोंड, असं करत करत फेरी शेवटी फ्लीस पबच्या मागच्या बोळात यायची. तिथं पन्हळीखाली भिंतीला लागून ती दगडी डोणी होती. तिच्यात सदा पावसाचं पाणी.

या डोणीशी आलं की सिरिल टोपी काढायचा. मग ज्युलियाची गोष्ट सुरू. ज्युलिया ही रोमन फौजेतल्या एका अधिकाऱ्याची बायको, उन्हाच्या देशातून इथल्या थंडीत येऊन पडलेली. रोज सकाळी ती या डोणीत तोंड धुवायची. हिवाळ्यात वर बर्फ धरायचा, तेव्हा तिचा नवरा, ज्याच्या नावानं शंभर शिपाई चळचळ कापत, तो पहाटे उठून तलवारीच्या मुठीनं बायकोसाठी बर्फ फोडून द्यायचा. बायका हे ऐकून आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. नवरे पन्हळीकडे.

गोष्ट इतकी चालली की तिचा रिवाज झाला. एका वर्षी पाद्रीबाबांच्या भाचीनं लग्न लागल्यावर गंमत म्हणून बोळात येऊन अंगठीचं बोट डोणीत बुडवलं. पुढच्या महिन्यात दुसरीनं. आता आमच्या चर्चमधून बाहेर पडलेली कुठलीही नवरी पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून त्या ओल्या बोळात शिरते आणि बोट बुडवते, नवऱ्यानं जन्मभर बर्फ फोडून द्यावा म्हणून. गावच्या माहितीपत्रकात फोटोसुद्धा आहे.

आणि ही डोणी सिरिलनं स्वतः घडवलेली.

सोळाव्या वर्षी त्याला गावातल्या पाथरवटाकडे कामाला लावलं होतं. चार महिने धूळ खाल्ल्यावर त्या माणसानं त्याच्यापुढं एक धोंडा ठेवला आणि सांगितलं, याची डोणी कर, कोंबड्यांना पाणी प्यायला होईल. सिरिलनं तीन आठवडे ठोकाठोक केली. डोणी एका अंगाला कलली, तळ उंचसखल झाला, एक कोपरा उडाला. पाथरवटानं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, पोरा, तुझे हात मऊ वस्तू कापायला बरे. झालं. सिरिल सोमवारपासून काकाच्या चीजच्या पालावर गेला. डोणी त्यानं हातगाडीवर घालून फ्लीसच्या बोळात आणली आणि पन्हळीखाली टाकली. पाथरवट पुढं दोन वर्षांत वारला, आणि त्या दगडाची जन्मकथा ठाऊक असलेला एकटा सिरिल उरला.

आता थापेचं. १९७० च्या जून महिन्यात डडलीहून बायकांची सहल आली होती. त्यात तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी, लाल केसांची, नाकावर ठिपके, नाव थेल्मा. चीज घ्यायला थांबली. कुठलं घ्यावं कळेना म्हणून सिरिलनं तिला नऊ प्रकार चाखवले. मग काकाच्या गळ्यात पाल मारून तो तिला गाव दाखवायला निघाला. भिंत दाखवली, उंचवटा दाखवला, आणि बोलत बोलत दोघं फ्लीसच्या बोळात आली. गाव संपलं होतं. चारला तिची बस सुटणार होती, पावणेचार होत होते, आणि सिरिलकडे तिला थांबवायला जगात काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

थेल्मानं डोणीकडे बोट करून विचारलं, हे काय.

"रोमन आहे," सिरिल म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग खाली वाकून डोणीच्या आतून, तळापासून काठापर्यंत, सावकाश बोट फिरवलं. उभी राहून ओलं बोट झग्याला पुसलं आणि म्हणाली, "रोमन का. मग सांग की सगळं."

त्यानं सांगितलं. ज्युलिया त्या पाऊण तासात जन्माला आली. थेल्मा भिंतीला टेकून ऐकत राहिली, मधून मधून मनगटावरचं घड्याळ चाळवत. गोष्ट संपली तेव्हा बस जाऊन अर्धा तास झाला होता. ती म्हणाली, तुझ्या गोष्टीत वेळेचं भानच राहिलं नाही बघ. सिरिलच्या आईनं तिला चहा दिला, डुकराचं मांस आणि पाव वाढला, रात्री माडीवर झोपवलं, आणि सकाळी सिरिलला बाजूला घेऊन सांगितलं की ही मुलगी गेली तर तू परत या घरी येऊ नकोस. पुढच्या वसंतात लग्न झालं.

एक गोष्ट सांगायची राहिली. थेल्माचा बाप थडग्यांचे दगड घडवायचा. ती आईविना वाढलेली, शाळा सुटली की बापाच्या दगडांच्या आवारातच असायची, आणि मोठी झाल्यावर थडग्यांवरच्या अक्षरांत सोनेरी रंग तीच भरायची. हे कळलं तेव्हा सिरिलची पाचावर धारण बसली. सासरा लग्नाला येणार, त्याला कुणी डोणी दाखवली की संपलं. तसंच झालं. लग्नाच्या दिवशी सिरिलची आई व्याह्यांना कौतुकानं म्हणालीच, चला, आमची रोमन डोणी बघायला. पण थेल्माच मध्ये पडली. बाबांचे पाय दुखतात, म्हणाली, त्यांना बसू द्या इथंच. सासऱ्यानं लेकीकडे बघितलं, खाली बसला आणि बियर मागितली. सिरिलच्या जिवात जीव आला. संध्याकाळी तोच सासरा सिरिलच्या आईबरोबर तीन नाच नाचला, पण तेव्हा सिरिल इतका खुशीत होता की पायांचा विचार करायला त्याला फुरसत नव्हती.

पुढं सिरिल पाहुण्यांना डोणी दाखवायला लागला की थेल्मा पिशवी अडकवून मागं उभी राहायची. गोष्ट संपली की कुणाला काही विचारायचंय का, असं तो म्हणे. आणि थेल्मा, जशी काय गर्दीतली कुणी परकी बाई, हात वर करून विचारायची, "आणि ती तोंड कुठल्या हातानं धुवायची हो?"

पहिल्यांदा सिरिल गडबडला होता. पटकन तोंडातून आलं, डाव्या. थेल्मा इतकी हसली की तिला पन्हळीचा आधार घ्यावा लागला. तेव्हापासून तो नेमच होऊन बसला. ती विचारणार, तो टोपी डोक्यावर ठेवत म्हणणार, "डाव्या हातानं, बाईसाहेब," आणि फेरी संपणार. चव्वेचाळीस वर्षं. शेवटी शेवटी पाहुणे सोडाच, बोळातली मांजरंसुद्धा तो प्रश्न झाला की उठून जायची.

सिरिलला हे सगळं गोड लागत होतं आणि टोचतही होतं. चोराच्या मनात चांदणं. आपण हिला खोटं सांगून ठेवून घेतलं, ही बिचारी त्या खोट्यावर अख्खा जन्म काढतेय, हे त्याच्या मनातून जात नसे. सांगायचं त्यानं किती वेळा ठरवलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ठरवलं, पोरगी ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा ठरवलं. दर वेळी तिच्या तोंडाकडे बघून त्याचा धीर सुटायचा. थेल्मा शेवटच्या आजारात इस्पितळात होती तेव्हा एका दुपारी तो म्हणाला, थेल्मा, ती डोणी आहे ना. ती डोळे मिटूनच म्हणाली, हं, डोणीचंच सांग. मग त्यानं पुन्हा ज्युलियाच सांगितली, बर्फापासून तलवारीच्या मुठीपर्यंत. संपल्यावर तिनं हात वर करायला बघितला, तो उचलला गेला नाही, नुसती बोटं हलली. सिरिलच म्हणाला, डाव्या हातानं, बाईसाहेब. ती हसली. त्याच आठवड्यात गेली.

त्याला आता तीन वर्षं झाली. घरात सिरिलला करमत नसे. चहाची किटली दोघांच्या मापाची, ती तो बदलत नव्हता. शनिवार तेवढा त्याचा. बोळात आलं, गोष्ट संपली, की मागच्या रांगेकडे बघायचं, कुणी विचारत नाही हे बघायचं आणि टोपी घालायची. तेवढ्यासाठी तो आठवडा ढकलत होता.

आणि नेमकं तिथंच संकट आलं. फेऱ्यांची व्यवस्था बघणारी प्रू हॅडो, संग्रहालयातली, चाळिशीची, सदा काखेत फाइल घेऊन हिंडणारी, एका बुधवारी त्याच्याकडे आली. बाई स्वभावानं लोणी, पण नियमाला पक्की. तिनं सांगितलं की गावातल्या सगळ्या रोमन दगडांची नव्यानं नोंद होणार आहे, त्यासाठी विद्यापीठातून डॉक्टर मॉर्वेना ट्रेगिअर म्हणून दगडांच्या जाणकार येणार आहेत, आणि शनिवारी त्या डोणी बघतील. डोणी खरी ठरली तर ती संग्रहालयात काचेत जाईल. सिरिलनं विचारलं, आणि नाही ठरली तर. प्रूनं फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. नगरपालिकेनं यंदा नियम केलाय, म्हणाली, ज्या फेरीत खोटी माहिती सांगितलेली आढळेल ती फेरी बंद. पण तुम्हाला काय काळजी, सिरिल, तुमची डोणी तर गावाची शान.

सिरिल दोन दिवस जेवला नाही. फेरी जाईल, शनिवार जाईल, ते एक. पण सगळ्या गावाला कळेल की सिरिल पेगलरनं बायकोला फसवून लग्न केलं, आणि तिला सोडून सगळ्यांना कळेल, हे त्याला सोसवेना. ज्या एका माणसाला सांगायचं होतं ते माणूसच उरलं नव्हतं.

शुक्रवारी भर बाजारच्या वेळी तो पहार घेऊन बोळात गेला. डोणी उखडून कुठंतरी नेऊन टाकावी असा त्याचा बेत. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे असे की जिना उतरताना त्यांचा आवाज शेजारी ऐकतात. डोणी तसूभर हलली नाही. हलणार कशी, घमेलंभर सिमेंट घालून ती त्यानंच एकदा पक्की केली होती, कॉलेजच्या पोरांनी उचलून न्यायचा प्रयत्न केला तेव्हा. तो घामाघूम होऊन उभा असताना गॉर्डन टोव्ही अंड्यांच्या पुठ्ठ्यांची चळत घेऊन मागच्या वाटेनं आला. पहार बघितली, सिरिलचं तोंड बघितलं आणि विचारलं, काय रे, रोमनांनी भाडं थकवलं का.

सिरिलनं सगळं सांगून टाकलं. गॉर्डनला एवढं हसू आलं की त्यानं आधी अंडी जमिनीवर ठेवली आणि मग हसला. आजीच्या कौलाचा डाग आज धुतला गेला म्हणाला. मग डोळे पुसत त्यानं सल्ला दिला.

"गप बसायचं. रोमन काय साक्ष द्यायला उठून येणार आहेत?"

"रोमनांचं मरू दे रे," सिरिल म्हणाला. "थेल्माचं म्हणतोय मी. खोटं बोलून तिला इथं ठेवून घेतली. बस चुकली बिचारीची माझ्यापायी, आणि शेवटपर्यंत मी बोललो नाही."

गॉर्डननं पुठ्ठ्यातली सहा अंडी काढून सिरिलच्या टोपीत घातली, पहार स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दोघं चहा प्यायला गेले.

शनिवारी पंधरा पाहुणे होते. बहुतेक निवृत्त परिचारिका, एका बसनं आलेल्या, डबे आणि थर्मास घेऊन. त्यांच्यात एक उंच बाई चिखलाचे बूट घालून, गळ्यात दोरीला भिंग लटकवून. सिरिलनं भिंग बघितलं आणि ओळखलं. डॉक्टर ट्रेगिअर वेळेआधी आल्या होत्या आणि मुकाट्यानं फेरीत चालत होत्या. मागं प्रू, फाइलसकट. गॉर्डनही आला होता, कोंबड्या दुसऱ्याच्या भरवशावर टाकून, आणि जन्मात पहिल्यांदा रोमन भिंतीकडे लक्षपूर्वक बघत होता.

सिरिल त्या दिवशी कमी बोलला. उंचवट्यावर तर एवढा कमी बोलला की मेंढ्यांनी वर बघितलं. बोळात आल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणे टोपी काढली. परिचारिका सरसावून पुढं झाल्या, माहितीपत्रकात वाचून आल्या होत्या सगळ्या. एकीनं बोटातली अंगठी आधीच काढून ठेवली होती. सिरिलनं डोणीकडे बघितलं. मागच्या रांगेकडे बघितलं.

"मंडळी, इथं मी एका रोमन बाईची गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "ती बाई कधी नव्हतीच. ही डोणी मी घडवली आहे, सोळा वर्षांचा असताना, कोंबड्यांसाठी. आणि वाईट घडवली आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. पाथरवट, हातगाडी, डडलीची सहल, लाल केस, बस. थेल्माला मी कधी सांगितलं नाही, हेही सांगितलं. बोलताना छत्री डाव्या हातात होती, पण ती कुठंच रोखलेली नव्हती. एक परिचारिका हळूच म्हणाली, तरी छानच आहे हो डोणी. दुसरीनं नाक शिंकरलं. प्रू लाल झाली होती आणि फाइल छातीशी धरून उभी होती.

डॉक्टर ट्रेगिअर पुढं आल्या. भिंगाला त्यांनी हातच लावला नाही. खाली वाकून डोणीच्या आतून, तळापासून काठापर्यंत, सावकाश बोट फिरवलं.

"खरं सांगतायत हे," त्या उठत म्हणाल्या. "दातेरी छिन्नी, दुकानातून विकत मिळते ती. खुणा अजून ताज्या आहेत."

प्रूनं विचारलं की नक्की ना, म्हणजे मोठ्या तपासणीला पाठवायला नको ना.

"याला तपासणी कशाला, आणि माझीही गरज नाही. पाथरवटाच्या आवारात आठवडाभर जरी कुणी राहिलं असेल, तरी नुसतं बोट फिरवून सांगेल. आणखी एक सांगेल. छिन्नीचे सगळे घाव उलट्या बाजूनं पडलेत. घडवणारा डावखुरा आहे."

सगळ्यांनी छत्रीकडे बघितलं.

सिरिल मात्र त्यांच्या बोटाकडे बघत होता. ओलं बोट डॉक्टरबाई कोटाला पुसत होत्या. त्यानं हे बघितलं होतं, इथंच, याच दगडाशी. आठवडाभर कशाला, थेल्मा आवारात अख्खं बालपण राहिली होती. त्याला भीती वाटली ती सासऱ्याची. पाथरवट म्हणजे पुरुष, एवढंच त्या गाढवाच्या डोक्यात. आणि ज्या मुलीनं शेकडो थडग्यांवर बोट फिरवून अक्षरं रंगवली तिचं बोट डोणीत फिरताना बघूनही याला कधी काही सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्या दिवशी नऊ वेळा तिनं त्याला डाव्या हातानं चीज कापताना बघितलं होतं. बोळात वाकली, घाव उलटे लागले, उभी राहिली आणि म्हणाली, मग सांग की सगळं.

बाबांचे पाय दुखतात. तीन नाच. आणि दर वेळी मागच्या रांगेतून हात वर करून, ती तोंड कुठल्या हातानं धुवायची हो. चव्वेचाळीस वर्षं ती त्याला उत्तर सांगत होती आणि हा बेटा टोपी घालून घरी जात होता.

गॉर्डननं त्याला पबच्या मागच्या पायरीवर बसवलं. कुणीतरी थर्मासमधला चहा पुढं केला. सिरिल रडतोय की हसतोय ते कळेना, बहुधा त्यालाही कळत नसावं.

"तिच्या मनगटावर घड्याळ होतं, गॉर्डन," तो म्हणाला. "सारखी बघत होती. मला वाटायचं गोष्टीत रंगलीय. बस चुकलीच नव्हती तिची."

गॉर्डन म्हणाला की चहा पी आधी, गार होतोय.

प्रूनं तोवर फाइल उघडून नियम दोनदा वाचला होता. घसा खाकरून तिनं जाहीर केलं की नियम खोट्या माहितीबद्दल आहे, आजच्या फेरीत सांगितलेली माहिती तज्ज्ञांनी समक्ष खरी ठरवली आहे, तेव्हा फेरी बंद करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मागची अठ्ठेचाळीस वर्षं नियमाच्या आधीची. डॉक्टर ट्रेगिअर म्हणाल्या, अगदी बरोबर, आणि डोणीची नोंद करायची असेल तर घडवणाऱ्याचं नाव घाला, असं भाग्य आम्हाला क्वचितच मिळतं.

दुपारी दोनला चर्चमध्ये लग्न होतं. सिरिल घरी गेला नाही, पायरीवरच बसून राहिला. घंटा वाजल्या आणि नवरी झगा उचलून बोळात आली, मागं नवरा, हातात तिची फुलं. सिरिल उठला. आता खोटं नको म्हणून त्यानं तिला सांगितलं, पोरी, ही रोमन नाही बरं का, मी केलेली आहे, कोंबड्यांसाठी. नवरीनं डोणीत डोकावून बघितलं.

"पाणी आहे ना तिच्यात?" तिनं विचारलं, आणि बोट बुडवलं.

सिरिल अजून दर शनिवारी अकराला क्रूसापाशी असतो. बोळात आलं की आता दोन्ही गोष्टी सांगतो, आधी ज्युलियाची, मग थेल्माची, त्यामुळे फेरी पाऊण तासानं लांबली आहे आणि फ्लीसवाले कुरकुर करतात. शेवटी तो विचारतो, कुणाला काही विचारायचंय का. सिरिल मागच्या रांगेकडे बघत थोडा थांबतो, तिला हात वर करायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग डोक्यावर टोपी ठेवतो आणि म्हणतो, "डाव्या हातानं, बाईसाहेब."